चव्वेचाळीस बरण्यांतले आवाज

एक होती बाई. नाव सगुणाबाई. तिला म्हणे कधी राग यायचाच नाही. दूध उतू गेलं तरी नाही, मांजरानं लोणी खाल्लं तरी नाही. सगळं नगर तसंच सांगायचं. आणि मग एकदा त्या सगुणाबाईला राग आला. त्या रागाची ही गोष्ट आहे. पाय पांघरुणात घ्या सगळ्यांनी. हं.

तर सोनवळ नावाचं एक नगर होतं. नगराच्या मधोमध राजवाडा आणि राजवाड्यामागं शाळा. त्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना सगुणाबाई गाणं शिकवायची. पोरं किती? चौसष्ट. त्यांत कासाराची ठकी होती, लोहाराची येसू होती, कोष्ट्याची जुळी होती. आणि राजाची मुलगी कमळजासुद्धा त्यांच्यातच बसायची, बरं का. राणीचा तसा हट्टच होता. सगळ्यांना गोणपाटाचं बसकर, तर कमळजेलाही गोणपाटाचंच.

आता ही सगुणाबाई काही मोठी गाणारी नव्हती. दरबारात कधी गेली नव्हती. तिच्याकडं होती एक एकतारी आणि दोन हात. आधी ती पोरांना मांडीवर थाप द्यायला लावायची. मग उंच सूर लावायची, की पोरं टाचा वर करून उभी. खालचा सूर लावायची, की पोरं उकिडवी. हसून हसून लोळायची पोरं, पण आठ दिवसांत उंच काय आणि खालचं काय ते त्यांच्या अंगात मुरायचं.

आणि मग हाक मारायचा खेळ. एकेका पोरानं उठायचं आणि बाईंना हाक मारायची, "बाईऽऽ." कुणाची हाक पिपाणीसारखी. कुणाची घोगरी. ठकीची तर नाकातून. बाईंनी काय करायचं, तर ज्या सुरात पोराची हाक, त्याच सुरात ओ द्यायची, "ओऽऽ." आपल्या सुरात पोराला ओढायचं नाही. आधी आपण त्याच्या सुरात जायचं. मग त्याचं बोट धरल्यासारखं हळूच एक पायरी वर. पोराला कळायचंही नाही, आणि ते वरचं गायचं.

एक लोहाराची येसू तेवढी हाक मारत नसे. लाजाळू होती फार. शाळेत येऊन तिला दोन महिने झाले, तरी बाईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. पण बाई म्हणायच्या, घाई कशाची? तिला येईल तेव्हा येईल.

असं सगळं छान चाललं होतं. मग राजाच्या मनात आलं, की आपल्याला गादीवर बसून पंचवीस वर्षं होताहेत, तर मोठा उत्सव करू. देशोदेशीचे पाहुणे बोलावू आणि शाळेतल्या लहान लहान पोरांचं गाणं ठेवू. वाईट काय होतं त्यात? काहीच नाही. पण राजानं ते काम सगुणाबाईला सांगितलं नाही. दूरदेशाहून एक गायनाचार्य आणला. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, लोक त्याला निर्दोषबुवा म्हणायचे. त्याला मी अहो-जाहो करणार नाही. का, ते कळेल तुम्हाला.

हा निर्दोषबुवा पालखीतून आला. बरोबर एक पेटी होती, आणि पेटीत चांदीची चाळणी. इतकी बारीक चाळणी, की तिच्यातून धुकंसुद्धा गाळून निघावं. बुवा शाळेत आला. पोरांकडं बघून नाक मुरडलं. मग सगुणाबाईला म्हणाला, तुम्ही जरा बाहेर बसा.

आणि सगुणाबाई बाहेर बसली. मोठा माणूस आहे, परीक्षा घेत असेल, असं तिला वाटलं. पुढं कितीतरी दिवस ती मनात म्हणत राहिली, मी बाहेर का बसले, मी बाहेर का बसले.

आत काय झालं? बुवानं एकेका पोराला पुढं बोलावलं. तोंडासमोर चाळणी धरली आणि म्हणाला, लाव सूर. पोरानं सूर लावला की तो चाळणीत जायचा. अगदी स्वच्छ असला तर पलीकडं निघायचा आणि परत पोराच्या गळ्यात यायचा. आणि जरा खरखरीत असला, जरा हलला, नाकातून आला, तर? तर चाळणीतच अडकायचा. मग बुवा ती चाळणी बरणीवर उपडी करायचा. चिनीमातीची बरणी, आपण लोणचं घालतो ना, तसली. वरून फडकं बांधायचं, दोरीची गाठ मारायची आणि म्हणायचं, "हा कोंडा."

कोंडा म्हणाला तो. सहा-सहा, सात-सात वर्षांच्या पोरांच्या आवाजाला.

येसूची पाळी आली तेव्हा ती काही तोंड उघडेना. तर बुवानं तिच्या कानाशी जोरात टाळी वाजवली. दचकून तिच्या तोंडून एवढंसं काहीतरी निघालं. तेवढं त्यानं चाळणीत पकडलं आणि बरणीत घातलं. आणि कमळजेची पाळी आली तेव्हा चाळणी बाजूला ठेवली. राजकन्येचा सूर शुद्धच असणार म्हणाला, त्यात तपासायचं काय? पण कमळजेला राग आला, की सगळ्यांची पाळी झाली आणि माझीच नाही.

दिवस मावळेपर्यंत त्रेचाळीस बरण्या भरल्या. बुवाच्या माणसांनी त्या राजवाड्याच्या तळघरात फळीवर नेऊन मांडल्या. वर ठेवल्या तर पोरं आपापली बरणी शोधत येतील ना, म्हणून. उरली वीस पोरं आणि कमळजा. बुवानं त्यांचं गाणं बसवायला घेतलं. त्रेचाळीस जणांना सांगितलं, तुम्ही मागं उभं राहायचं आणि नुसते ओठ हलवायचे. पाहुण्यांना गर्दी दिसली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईनं हाक मारायचा खेळ घेतला. ठकी उठली. तोंड उघडलं. आवाजच नाही. बोलायला यायचं, पण कोरडं, वाळल्या पानासारखं. सूर म्हणून नाही. जुळी उठली, तेच. एकामागून एक, तेच. पोरं घाबरून बाईंकडं बघायला लागली. बाईंनी विचारलं, काय झालं रे? तेव्हा पोरांनी त्या कोरड्या आवाजात सगळं सांगितलं.

गाणं गेलं, आणि मग हळूहळू काय काय गेलं बघा. झोक्यावर बसून गुणगुणणं गेलं. अंगणात उभं राहून मैत्रिणीला लांबून साद घालणं गेलं. मोठ्यानं हसणं गेलं. आणि एक दिवस तर फारच वाईट झालं. ठकी रानात बोरं वेचायला गेली आणि एका कोरड्या खड्ड्यात पडली. पाय मुरगळला. आई पन्नास पावलांवर सरपण गोळा करत होती. ठकी आतून आईला हाक मारतेय, मारतेय, पण आवाजच निघेना. आई शोधत शोधत त्या खड्ड्यावरून दोनदा गेली. तिसऱ्यांदा वाकून बघितलं तेव्हा लेक दिसली. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि आवाज नाही.

ठकीची आई मुलीला कडेवर घेऊन सगुणाबाईच्या दारात आली. नुसती उभी राहिली. आणि तेव्हा, बरं का, सगुणाबाईला राग आला. आयुष्यातला पहिला. तिला आधी कळेचना हे काय होतंय. कान तापले. तिनं पायांत वहाणा सरकवल्या आणि निघाली.

आधी गेली मोठ्या पंतोजींकडं. ते शाळेचे मुख्य. पंतोजी गादीवर टेकून बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, जरा शाळेच्या नावाकडं बघा. ती वीस पोरं काय गोड गातात. आणि बाकीच्यांना असंही गाणं येत नव्हतंच. सगुणाबाई म्हणाली, येत नव्हतं म्हणूनच तर शाळेत घातलं ना त्यांना? पंतोजींनी पान लावायला घेतलं. म्हणजे तुम्ही आता जा.

मग गेली प्रधानाकडं. प्रधानानं राजाचा हुकूम काढला आणि वाचून दाखवला. हुकमात लिहिलं होतं, पोरांचं गाणं उत्तम व्हावं. सगळ्या पोरांनी गावं असं कुठं लिहिलंय, दाखवा, म्हणाला. सगुणाबाईनं तो कागद दोनदा वाचला. खरंच लिहिलेलं नव्हतं. कारण ते लिहावं लागेल, असं कुणाला वाटलंच नव्हतं. तुम्हाला वाटलं असतं का?

मग गेली थेट राजाकडं. राजा सभामंडपात बसून त्या वीस पोरांची आणि कमळजेची तालीम ऐकत होता. गाणं होतं सुंदर, खोटं कशाला बोलू? एकवीस गळे, पण एकच गळा वाटावा असं. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मागं त्रेचाळीस पोरं ओळीनं उभी होती आणि माशांसारखे ओठ हलवत होती. सगुणाबाईनं राजाला बोट करून दाखवलं, ते बघा महाराज. राजा म्हणाला, हो, किती शिस्तीत उभी आहेत. तिनं बरण्यांचं सांगितलं. राजानं बुवाकडं बघितलं, बुवा हसला. मग राजाला वाटलं, या बाईचा मान राहिला नाही म्हणून ही रुसली असेल. त्यानं एक शाल मागवली आणि तिच्या खांद्यावर घातली.

सगुणाबाईनं शाल काढली. नीट घडी घातली, राजाच्या पायाशी ठेवली, आणि उलट पावली न जाता सरळ पाठ फिरवून चालती झाली. सगळा दरबार बघतच राहिला. राजाला पाठ दाखवायची नसते म्हणे. तिनं दाखवली.

महिना गेला. उत्सव पाच दिवसांवर आला. आणि आता कमळजेनं काय केलं ते ऐका.

तिच्या मनातून ते गेलंच नव्हतं. सगळ्यांची पाळी झाली, आपली नाही झाली. शिवाय ठकी तिची जिवाची मैत्रीण. एका दुपारी बुवा जेवून तक्क्याला टेकून घोरत होता. चाळणी शेजारीच होती. कमळजेनं ती उचलली, स्वतःच्याच तोंडासमोर धरली आणि म्हटलं, "साऽऽ." आवाज गेला आणि अडकला. सुईच्या टोकाएवढा तिचा सूर हलला होता, बस, तेवढ्यानं. बुवा जागा झाला तर राजाची मुलगी तोंड उघडून उभी आणि चाळणीत तिचा आवाज. बुवाला दरदरून घाम फुटला. अडकलेला आवाज परत गळ्यात घालायची विद्या त्याच्याकडं नव्हती. त्यानं काय करावं? तोही आवाज बरणीत घातला, गाठ मारली, आणि तळघरात फळीच्या टोकाला नेऊन ठेवला. चव्वेचाळिसावी बरणी. राजाला सांगितलं, राजकन्येला जरा सर्दी झालीय.

तीन दिवस सर्दीचं औषध चाललं. पहिल्या दिवशी आल्याचा काढा, दुसऱ्या दिवशी ज्येष्ठमध. तिसऱ्या दिवशी कमळजेचं बोट दारात चेमटलं. राजा समोरच होता. त्यानं बघितलं, लेक तोंड उघडतेय, कळ मस्तकात गेलीय, डोळ्यांतून धारा लागल्यात, आणि आवाज नाही.

तेव्हा कुठं राजाला कळलं. त्रेचाळीस घरांत महिनाभर तेच चाललं होतं, सांगायला एक बाई त्याच्या दारापर्यंत येऊन गेली होती, तेव्हा त्यानं शाल दिली. आणि स्वतःच्या लेकीचं बोट चेमटलं तेव्हा अवघा राजवाडा हादरला. असं असतं बघा. मला अजून राग येतो सांगताना.

राजानं बुवाला दंडाला धरून तळघरात नेलं. म्हणाला, माझ्या मुलीची बरणी कुठली? शेवटची, बुवा म्हणाला. उघड, राजा म्हणाला. बुवानं गाठ सोडायला घेतली, तर ती आवळली. बुवानं आपला शुद्ध सूर लावला, गाठ आणखी आवळली. शिपायानं कट्यार चालवली, दोरीचा एक धागा तुटेना. बरणी जमिनीवर आपटली, तर तिला कपचासुद्धा गेला नाही. मग बुवा रडत रडत म्हणाला, मला फक्त बंद करता येतं महाराज, उघडायला मी कधी शिकलोच नाही.

मग सगुणाबाईला बोलावणं गेलं. पालखी पाठवली होती, ती चालत आली. एकतारी घेऊन आली. तळघराच्या पायऱ्या उतरली आणि फळीवरच्या बरण्या बघून थबकली. ओळीनं चव्वेचाळीस. सगळ्या सारख्या. तिनं विचारलं, यांच्यावर नावं कुठायत?

बुवा खाली बघत होता. नावं लिहिलीच नव्हती त्यानं. कोंड्याला कोण नाव देतं?

सगुणाबाईनं डोळे मिटले. मग पहिल्या बरणीला कान लावला. बराच वेळ काही नाही. आणि मग आतून, फार लांबून, विहिरीच्या तळातून यावी तशी एक हाक आली. "बाईऽऽ." नाकातून.

ती ठकी होती.

महिनाभर ती हाक मारत होती त्या बरणीत. सगुणाबाईनं बरणी पोटाशी धरली आणि त्याच सुरात, तशीच नाकातून, ओ दिली. "ओऽऽ." गाठ आपोआप सुटली. फडकं गळून पडलं. आणि तिकडं शाळेच्या अंगणात बसलेली ठकी एकदम मोठ्यानं रडायला लागली. तिची आई धावत आली आणि तीही रडायला लागली, आनंदानं.

राजा म्हणाला, कळलं मला. आता आधी कमळजेची उघडा, बाई.

सगुणाबाई त्याच्याकडं वळली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "महाराज, फळीवर ज्या ओळीनं बरण्या आहेत त्या ओळीनंच उघडीन. बाकीच्यांच्या आया एक महिना थांबल्यात. तुम्ही थोडा वेळ थांबा."

राजाला असं कधी कुणी बोललं नव्हतं. पण तो थांबला. काय करणार? तिच्यावाचून उघडणार कोण होतं?

मग सगुणाबाईनं सगळ्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना राजवाड्यात बोलावून घेतलं. तळघराच्या तोंडाशी गर्दी जमली. एक बरणी, कानाला लावायची. आतून हाक यायची. बाई ओळखायच्या, हा कोष्ट्याचा थोरला, ही माळ्याची गोदी. त्याच्या सुरात ओ द्यायची, की गाठ सुटली. आणि वर अंगणात कुणीतरी खदखदून हसायचं, नाहीतर गळा काढायचं, नाहीतर नुसतंच ओरडत सुटायचं. राजा उभा होता. एकेक ऐकत होता. दहा झाल्या, वीस झाल्या. विसाव्या बरणीनंतर तो पायरीवर बसला. तिसावीनंतर त्यानं डोक्यावरचा मुकुट काढून मांडीवर ठेवला.

त्रेचाळिसावी बरणी आली. सगुणाबाईनं कान लावला. हाकच नाही. वाट बघितली, वाट बघितली. नाहीच. मग तिच्या लक्षात आलं, ही येसू. जिनं कधी हाक मारलीच नाही ती येसू.

आता ओ द्यायची कुठल्या सुरात? सगुणाबाईनं वरचा सूर लावून बघितला. गाठ तशीच. खालचा लावून बघितला. तशीच. तिला स्वतःचाच राग आला. दोन महिने पोर माझ्यासमोर बसली आणि मला तिचा सूर माहीत नाही.

राजा म्हणाला, बाई, ही एक राहू द्या बाजूला, नंतर बघू. शेवटची घ्या.

"ही झाल्याशिवाय पुढची नाही," सगुणाबाई म्हणाली.

वर कमळजा आईच्या पदराला धरून उभी होती. तिनं ते ऐकलं आणि मान हलवली. नाही म्हणून नव्हे, बरोबर आहे म्हणून.

मग सगुणाबाईनं येसूलाच खाली बोलावलं. येसू आली, बापाच्या मागं लपत लपत. भट्टीची काजळी लागलेला तो मोठा लोहार आणि त्याच्यामागं ही एवढीशी. बाईंनी बरणी जमिनीवर ठेवली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. काही विचारलं नाही. म्हटलं, तुला काय करावंसं वाटतं ते कर. येसूनं बरणीकडं बघितलं. मग दोन बोटं पुढं केली आणि बरणीवर वाजवली. ठक. ठक-ठक. ठक. बापाच्या ऐरणीवर हातोडा पडतो ना, एक मोठा आणि दोन लहान, तसा ठेका. रोज सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोच ऐकायची ती.

आणि बरणीच्या आतून उत्तर आलं. ठक. ठक-ठक. ठक.

सगुणाबाईनं लगेच मांडीवर तोच ठेका धरला. लोहारानं धरला. पायरीवर बसलेल्या राजानंही मुकुटावर बोटानं धरला. आणि त्या ठेक्यावर आतून एक लहानसा, घोगरा सूर उठला. बाईंनी तो अलगद उचलला आणि ओ दिली. गाठ सुटली. येसू म्हणाली, "बाईऽऽ." पहिल्यांदा. लोहारानं तोंड फिरवलं आणि काजळीच्या हातानं डोळे पुसले.

मग चव्वेचाळिसावी. ती तर सोपी होती. कमळजेनं आवाज आल्याबरोबर पहिली तक्रार काय केली? की माझं बोट अजून दुखतंय. सगळे हसले. राजा हसता हसता रडला.

मग राजा उठला. बुवाला हद्दपार करतो म्हणाला. सगुणाबाई म्हणाली, नको. दुसऱ्या गावी जाऊन हेच करील. राजा म्हणाला, मग काय करू? तेव्हा ती म्हणाली, "यांना माझ्या पहिलीत बसवा. एवढा मोठा माणूस, पण यांनी आजवर कुणाला काही शिकवलेलं नाही, महाराज. नुसतं निवडलंय."

राजानं विचारलं, आणि तुम्हाला काय हवं? शाल म्हणायला तो धजला नाही. तिनं मागितलं, ती चाळणी आणि लोहाराचा घण.

मग अंगणात दगडावर चाळणी ठेवली. घण मोठा होता, लोहारानं पोरांसाठी लहान हातोडा दिला. चौसष्ट पोरं रांगेत उभी राहिली. ज्यांचा आवाज पलीकडं निघाला होता ती वीससुद्धा. त्यांनाही चाळणी नकोच होती, बरं का. ती बिचारी महिनाभर घाबरून गात होती, की उद्या आपलाही अडकला तर? एकेकानं यायचं आणि एक घाव घालायचा. बाकीच्यांनी टाळ्यांचा ताल धरायचा. चौसष्ट घाव पडले आणि चाळणीचा चपटा पत्रा झाला. कमळजेची पाळी झाली तेव्हा तिनं दोन घाव घालायचे म्हटलं. बाई म्हणाल्या, एकच.

आता गोष्ट इथं संपायची. पण तसं झालं नाही.

पोरांना घेऊन आईबाप घरी निघाले. ठकीची आई मात्र जाईना. जवळ आली, पदराशी चाळा करत म्हणाली, बाई, तिथं खाली माझी बरणी आहे का हो? मला लहानपणी गाता यायचं. मग मामा म्हणाले, तू गाऊ नकोस, म्हशी बुजतात. त्यावर सगळे हसले, आणि तेव्हापासून माझ्या गळ्यातून सूर निघत नाही. ठकीला मी कधी अंगाईसुद्धा म्हटली नाही.

ठकीच्या आईमागं राजवाड्यातला आचारी उभा राहिला. त्याच्यामागं कट्यारवाला शिपाई. माळीण, पालखीचे भोई, प्रधानाची बायको. बघता बघता रांग लागली. प्रत्येकाला दिवस आठवत होता, कोण म्हणालं ते आठवत होतं, तेव्हा अंगात कुठला सदरा होता तेही आठवत होतं. मामा, मास्तर, थोरली बहीण, कुणीतरी. रांगेच्या शेवटी मुकुट हातात घेऊन राजा उभा होता.

सगुणाबाईनं सगळी फळी बघितली. बरण्या सगळ्या रिकाम्या होत्या. यांच्यापैकी कुणाचा आवाज कुणी बरणीत घातलाच नव्हता. कुणीतरी एकदा नुसतं म्हणालं होतं, तू गप्प बस. तेवढं पुरलं होतं.

तिचे कान पुन्हा तापले. मग तिनं पदर खोचला आणि सांगितलं, उद्या सकाळी शाळेत या सगळे. बसकरं लहान आहेत, मांडी आवळून बसा. आणि पंतोजींनाही घेऊन या.

दोन दिवसांनी उत्सव झाला. पाहुणे आले. चौसष्ट पोरं गायली, आणि त्यांच्यामागं अख्खं नगर गायलं. एक गळा वाटावा असं काही ते नव्हतं. कुणी नाकातून, कुणी घोगरं, कुणी अर्धा शब्द मागं. निर्दोषबुवा पहिलीच्या ओळीत जुळ्यांच्या मध्ये बसून मांडीवर थाप देत होता आणि त्याची थाप चुकत होती. येसू त्याला कोपरानं ढोसून सांगत होती, अहो, आत्ता नाही, आत्ता. राजाचा आवाज तर फारच वाईट होता. पण तो अगदी जीव तोडून गायला आणि त्याला कुणी गप्प बस म्हणालं नाही.

त्या रात्री ठकीच्या आईनं ठकीला अंगाई म्हटली. पहिल्यांदाच. सूर जरा हलला. ठकीला झोप मात्र इतकी गाढ लागली, की सकाळी दोनदा हाका माराव्या लागल्या.

आणि मग सोनवळातली माणसं सुखानं राहिली, गात राहिली, आणि सगुणाबाईला फारसा राग यायचं कारण उरलं नाही.

झाली गोष्ट. उशा नीट घ्या. कुणाला गुणगुणत झोपायचं असेल तर खुशाल गुणगुणा, मी काही बोलणार नाही. मिटा डोळे.